वाटीभर कळ्या

नखांच्या चिमटीत धरून तिनं काकडीच्या वेलाची कळी खुडली आणि स्टीलच्या वाटीत टाकली. मग पान उलटून खाली आणखी एखादी लपली आहे का ते पाहिलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईची नजर ती. तिच्या तावडीतून कळी सुटणं कठीणच.

"चिमीची आई, सकाळीच मुलांनी सगळ्या खुडल्यात," बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

"एक राहिली होती," ती म्हणाली.

बाईंनी वाटी हातात घेतली. पाच वर्षांची चिमी पलीकडच्या वाफ्यात कोपरापर्यंत चिखलात माखून बसली होती. तिला जेवढा वेळ होता तेवढ्यात तिला अख्खी जमीन उकरायची होती.

गेल्या वर्षी याच दिवसांत, थंडी सरून झाडं फुलू लागली तेव्हा, चिमीच्या कानाला मधमाशी चावली. बघता बघता पोरीचे ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून निभावलं. पुन्हा चावली तर तिथल्या तिथे मांडीत टोचायचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं, ते तेव्हापासून आईच्या पर्समध्ये. ही ती पर्स आंघोळीलासुद्धा घेऊन जाते, असं चिमीचा बाबा चेष्टेनं म्हणायचा आणि ते फारसं खोटं नव्हतं. घराच्या खिडक्या बंद झाल्या. बालवाडीत बाकीची मुलं मागच्या अंगणात हुंदडायची आणि चिमी आत चित्रं रंगवत बसायची.

यंदा मुलांना घेऊन अंगणात वाफे करायचं ठरलं, तेव्हा बाईंनी आईला गळ घातली. एका पोरीला आत कोंडून बाकीच्यांना माती खेळायला कसं सोडू, म्हणाल्या. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर आई तयार झाली, पण तिच्या अटींवर. वाफ्यात एकही फूल उमलू द्यायचं नाही, कारण फूल नसलं की मधमाशीला तिथे काम नाही. आणि आई जेवणाच्या सुट्टीत पर्स घेऊन येईल तेवढाच वेळ चिमीनं बाहेर यायचं. बाईंनी शब्द पाळला. रोज सकाळी मुलं कळ्या खुडायची, आई दुपारी भरलेली वाटी बघायची, मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

आज दोन वेण्यांची एक मुलगी झारी घेऊन तिच्यापाशी आली आणि काकड्या कधी लागणार, म्हणून विचारू लागली.

"लागतील की," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचं लक्ष वाटीकडे गेलं. इतके दिवस हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता.

बाईंनी मुलीला पाणी आणायला पिटाळलं. मुलांना ठाऊक आहे, त्या हळू आवाजात म्हणाल्या. कळ्या खुडल्या की काकडी येत नाही, आणि त्या कुणासाठी खुडायच्या, हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. सुरुवातीला कुरकुर झाली, आता नाही. ही मुलगी अजून आशा सोडत नाही, एवढंच.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धुते म्हणून ती आत गेली.

मोरीशेजारच्या खोलीत खेळण्यांच्या पेट्या होत्या आणि एक बंद खिडकी. काचेवर खालच्या बाजूला डाग होते. इवल्याशा नाकाचे आणि दहा बोटांचे, एकावर एक उमटलेले. सवयीनं तिनं पुसायला पदर उचलला आणि ती जागीच थिजली. बाहेर, अंगणातून न दिसणाऱ्या बाजूला, डब्यात लावलेला काकडीचा वेल खिडकीच्या गजांवर चढला होता. पिवळ्या फुलांनी नुसता भरला होता. दोन मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जात होत्या, आणि काचेला लागूनच करंगळीएवढी काटेरी काकडी लोंबत होती.

मागे पावलं वाजली. चिखलानं भरलेल्या हातांनी चिमी दारात उभी होती.

"तो आमचा आहे," ती म्हणाली. "बाकीची मुलं बाहेरून पाणी घालतात. मी आतून बघते आणि त्यांना सांगते, आज किती फुलं आली."

आईनं काचेवर हात टेकला, त्या काकडीपाशी. ती खुडायलाच निघाली, असं चिमीला वाटलं असावं. ती पुढे आली आणि तिनं आईचा हात दोन्ही हातांनी धरला, चिमटी करता येऊ नये असा घट्ट.

"हा नको ना खुडू, आई. मी बाहेर नाही येणार. कधीच नाही येणार."

आई खाली बसली. पोरीला जवळ घेताना तिच्या पदराला चिखल लागला.

मग तिनं बाईंना आत बोलावलं. पर्समधून इंजेक्शन काढलं. टोपण कसं काढायचं, मांडीवर कुठे दाबायचं, किती वेळ धरून ठेवायचं ते दाखवलं, आणि टोचल्यावरही दवाखाना गाठायचाच, हे बजावलं. बाईंनी पुन्हा दाखवायला सांगितलं, तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून दाखवलं.

"हे आता इथेच ठेवा," ती म्हणाली. "मी दुसरं आणते."

दोन वेण्यांची मुलगी वाटी घेऊन दारात आली होती. उद्या खुडायच्या का, तिनं विचारलं.

आईनं पर्सची चेन लावली. पर्स हलकी झाली होती आणि ते तिला मुळीच बरं वाटत नव्हतं.

"उद्या राहू दे," ती म्हणाली.