लोण्याचं वजन

बाजारातले दुकानदार त्यांना काटेसाहेब म्हणत. वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. सव्वीस वर्षं ते एक जड लाकडी पेटी घेऊन दुकानादुकानांतून फिरत होते. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये बसवलेली पितळी वजनं. ती दुकानाच्या काट्यावर ठेवायची, काटा काय दाखवतो ते बघायचं. खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर मालकाच्या तोंडचं पाणी पळेपर्यंत काहीच बोलायचं नाही. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, पोकळ केलेलं वजन, तोलताना हळूच टेकवलेला अंगठा, सगळं त्यांनी बघितलं होतं. आणि त्यातून त्यांचा एक समज अगदी पक्का झाला होता: माणसाला विचारून काही कळत नाही, बघूनच कळतं.

अशा माणसाच्या बायकोने एके दिवशी कुणाला न सांगता डाएट सोडलं.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यातली वीस तरी ती कुठल्या ना कुठल्या डाएटवर होती. नुसत्या सूपचं झालं, नुसत्या फळांचं झालं. एकदा उकडलेल्या कोबीचं झालं, तेव्हा घराच्या पडद्यांनाही कोबीचा वास येत होता. रोज सकाळी चहाच्या आधी ती न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभी राहायची आणि बाहेर आली की तिच्या चेहऱ्यावरून घरातल्या दोघांना दिवस कसा जाणार ते कळायचं. खाल्लेला घास न् घास ती एका निळ्या वहीत लिहायची. काटेसाहेबांना हे सगळं नीटनेटकं वाटे. जिथे नोंद आहे तिथे लबाडी कमी, असा त्यांचा हिशेब.

त्यामुळे एका सोमवारी न्हाणीघरातली वजनकाट्याची जागा रिकामी दिसली, तेव्हा त्यांच्या मनात पहिली पाल चुकचुकली. काटा सापडला कपडे धुण्याच्या मशीनमागे, भिंतीला टेकवून ठेवलेला. त्यांनी बोट फिरवलं. धूळ. निदान तीन आठवड्यांची.

त्यांनी निळी वही शोधली. स्वयंपाकघराच्या खणात होती. शेवटची नोंद महिन्याभरापूर्वीची: ‘सकाळ, अर्धं सफरचंद.’ त्यापुढे कोरी पानं.

मग फ्रिज उघडला, आणि दारातल्या कप्प्यात लोणी दिसलं. ह्या घरात लोणी यायचं ते फक्त पाहुणे येणार असले तर. पाहुणे येणार नव्हते.

“काय शोधताय?” मागून बायकोने विचारलं.

“काही नाही. दूध.”

“दूध तुमच्या नाकासमोर आहे.”

त्यांनी दूध काढलं, प्यायची इच्छा नसताना प्यायले आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा जरा भरला होता. काहीतरी गुणगुणत ती पावाला लोणी लावत होती, कडेपर्यंत. वीस वर्षांत तिला त्यांनी असं लोणी लावताना पाहिलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या आठवड्यात कामावर त्यांचं चित्त लागेना. तीन शक्यता दिसत होत्या. पहिली, हे नवं डाएट असावं, लोण्याचं, आणि त्याची वही ती दुसरीकडे कुठे ठेवत असावी. दुसरी, कुणीतरी भेटला असावा, जो तिला ‘आहेस तशीच छान आहेस’ म्हणत असेल. ह्या विचाराने अंगाचा तिळपापड झाला, कारण मागोमाग लक्षात आलं की आपण तसं कधी म्हटलेलं नाही. तिसरी शक्यता त्यांनी मनाशीही नीट उच्चारली नाही. डॉक्टरांनी हात टेकले की माणसं म्हणे हवं ते खायला लागतात.

गुरुवारी त्यांनी ऑफिसातला छोटा काटा घरी आणला. अर्ध्या ग्रॅमचाही फरक दाखवणारा, सोनाराकडे तपासणीला न्यायचा. सकाळी बायको अंघोळीला गेली की लोण्याचा तुकडा त्यावर ठेवायचा, संध्याकाळी ती फुलझाडांना पाणी घालायला गेली की पुन्हा. तिसऱ्या दिवशी लेक दारात उभी राहिली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, तोंडात दात घासायचा ब्रश.

“बाबा, तुम्ही लोण्याचं वजन करताय?”

“हळू बोल.”

“पण का?”

“तुझी आई काहीतरी लपवतेय. तुला माहितेय काही?”

लेकीने ब्रश तोंडातून काढला. “मग तिलाच विचारा ना.”

“विचारल्यावर कोण खरं सांगतं?”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी ठाऊक होतं ह्याबद्दल त्यांची खात्री पटली, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. “एकसष्ट ग्रॅम,” काट्याकडे बघून ती म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.

धागा मिळाला तो बुधवारचा. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांकडून अक्षरं वाचून घ्यायची, फ्रेम नाकावर बसवून द्यायची. बुधवारी दुपारी दुकान बंद असे आणि ती एकपर्यंत घरी येई. पण अलीकडे बुधवारी दुपारी फोन केला तर तो वाजत राहायचा, आणि ती साडेतीनला यायची. “उशीर झाला,” एवढंच म्हणायची.

पुढच्या बुधवारी काटेसाहेब पेटी घेऊन चष्म्याच्या दुकानासमोर, वर्तमानपत्रांच्या टपरीआड उभे राहिले. बरोबर एकला ती बाहेर आली. घराच्या दिशेला न वळता बसडेपोकडे निघाली. ते चाळीस पावलं मागे. पेटीतली वजनं प्रत्येक पावलाला खुळखुळत होती आणि आपण चोराच्या मागे आहोत की आपणच चोर आहोत, हे त्यांना कळत नव्हतं.

डेपोच्या मागच्या गल्लीत एक छोटी खानावळ होती. पाचसहा टेबलं, काचेला वाफ धरलेली. ती आत शिरली. वाफेतल्या एका मोकळ्या पट्ट्यातून त्यांनी डोकावलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी ती बसली होती आणि समोर पुरुष नव्हता. सत्तरीची, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची एक बाई होती. वाढणारी आली. दोघींसमोर बश्या ठेवल्या: सूप, पाव, भाजलेला मासा, शिवाय केकचा तुकडा. बायकोने चमचा उचलला आणि खायला लागली. सावकाश. मध्येच काहीतरी सांगत हसली.

हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांचा संशय दुपटीने वाढला. ही म्हातारी कोण? हिला काय मिळतं ह्यातून? त्यांनी टाय सरळ केला आणि दार ढकललं.

“वजनमाप तपासणी,” ते मोठ्याने म्हणाले.

गल्ल्यावरचा मालक ताडकन उठला. बायकोचा चमचा हवेतच थांबला. आता माघार नव्हती. मालकाने आतून मासे तोलायचा काटा आणला, काटेसाहेबांनी पेटी उघडली, आणि सगळी खानावळ बघत असताना एकेक पितळी वजन त्यावर ठेवलं. काटा अगदी खरा निघाला.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

“झालं तुमचं?” कोपऱ्यातून बायको म्हणाली. “मग आता बसा इथे. लोक बघतायत.”

ते बसले. पेटी मांडीवर.

“ह्या नर्सबाई,” तिने ओळख करून दिली. “पस्तीस वर्षं इस्पितळात होत्या.”

इस्पितळ म्हणताच ते पुढे वाकले. “मला खरं सांग. काय झालंय तुला? किती गंभीर आहे?”

“मला काही झालेलं नाही.”

“मग नर्स कशाला?”

नर्सबाईंनी पावाचा तुकडा मोडला. “मी चष्मा घ्यायला गेले होते हो. तुमची बायको माझ्या नाकावर फ्रेम बसवता बसवता खाली कोसळली. तिला आडवं केलं, नाडी बघितली, विचारलं, शेवटचं कधी खाल्लंस? तर म्हणे, काल सकाळी, अर्धं सफरचंद.”

काटेसाहेब बायकोकडे वळले. “तू चक्कर येऊन पडलीस आणि मला सांगितलं नाहीस?”

“डॉक्टरांकडे जाऊन आले. सगळ्या तपासण्या केल्या. आजारी नव्हते, भुकेली होते. वीस वर्षांची भुकेली.” ती शांतपणे बोलत होती, जणू मनात पुष्कळदा घोकून झालं होतं. “बाई म्हणाल्या, मी दर बुधवारी इथे जेवते, ये. पहिल्या बुधवारी मी दोन चमचे सूप घेतलं आणि रडले. दुसऱ्या वेळी अर्धी बशी. आता पोट भरलं की थांबते. केक मला फारसा आवडत नाही हेसुद्धा आत्ता कळलं. इतकी वर्षं मी त्याची स्वप्नं बघत होते.”

“पण घरी का नाही हे? मला का नाही सांगितलं?”

तिने हातरुमालाने तोंड पुसलं. “बाई माझ्या ताटाकडे बघत नाहीत.”

“म्हणजे?”

“तुम्ही बघता.”

“मी कधी एका शब्दाने बोललोय तुला? सांग, एकदा तरी?”

“बोलत नाही. बघता. दुकानदाराच्या काट्याकडे बघता ना, तसं. मी वाढून घेतलं की तुमची नजर ताटावर येते, मग माझ्यावर, मग परत ताटावर. वीस वर्षं मी त्या नजरेला पटेल एवढंच वाढून घेतेय.”

हे साफ खोटं आहे असं त्यांना वाटलं. बाईने हिच्या डोक्यात भरवलेलं. ते पेटी उचलून निघाले. बाहेर पडताना मालकाने घाईघाईने दार धरलं.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. काटेसाहेबांनी ठरवलं होतं, आपण बघतच नाही हे सिद्ध करायचं. त्यांनी नजर मिठाच्या भांड्यावर ठेवली. घासभर वेळ गेला नाही तोच ती घसरली. पुन्हा उचलून भिंतीवरच्या घड्याळावर नेली. पुन्हा घसरली. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की कालच्या जेवणात बायकोने किती चमचे भाजी घेतली, परवा पावाचे किती तुकडे, सगळं त्यांना पाठ आहे. स्वतः काय खाल्लं ते मात्र आठवेना.

तेवढ्यात लेकीने दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले. काटेसाहेबांची नजर सवयीने तिकडे वळली. नुसती वळली. लेकीचा हात थांबला, आणि काही न बोलता तिने मोठा बटाटा परत भांड्यात ठेवला.

बायकोने ते पाहिलं. काटेसाहेबांनी ते पाहिलं. लेकीला स्वतःला बहुधा कळलंही नसावं. ती कॉलेजातल्या कुठल्याशा सरांबद्दल बोलत राहिली.

काटेसाहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला. कुणाचा काटा खोटा निघाला की ते दुकानदाराला विचारायचे, किती वर्षं चाललंय हे? आता तोच प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोसमोरची आपली खुर्ची उचलून टेबलाच्या त्याच बाजूला, तिच्या शेजारी नेली. आता समोर खिडकी होती आणि पलीकडच्या घराचं गच्चीवरचं वाळवण.

“हे काय आता?” बायकोने विचारलं. आता संशय घ्यायची पाळी तिची होती. “काय चाललंय तुमचं?”

“इथून हवा चांगली येते.”

“खिडकी बंद आहे.”

त्यांनी उठून खिडकी उघडली. मग बसून, समोर बघत म्हणाले, “मी बघायचो. तू म्हणालीस ते खरं आहे.”

बरेच दिवस तिचा विश्वास बसला नाही. शेजारी बसूनही हा तिरक्या डोळ्याने मोजत असेल, असं तिला वाटे, आणि पहिल्या आठवड्यात तसं दोनतीनदा झालंही. मग ते जेवताना बोलायला लागले, बोलताना निदान डोळे दुसरीकडे राहतात म्हणून. बाजारातल्या लबाड्या सांगायचे. लेकीला त्या आवडायच्या. एकदा ऐकता ऐकता तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि कुणाचंच लक्ष गेलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नव्हे. एका सकाळी बायकोने मशीनमागचा वजनकाटा ओढून काढला. फरशीवर घासल्याचा आवाज काटेसाहेबांनी बाहेरून ऐकला. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि तिने नाश्ता केला नाही. किती आलं, हा प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी विचारलं, “दुकानापर्यंत सोबत येऊ?” दोघं चालत गेली. वाटेत तिने बेकरीतून एक गरम पाव घेतला आणि चालता चालता खाल्ला.

हिवाळ्याच्या सुरुवातीला काटेसाहेबांची थोरली बहीण राहायला आली. तिची जीभ घरात सगळ्यांना ठाऊक होती. जेवायला बसल्या बसल्या तिने भावजयीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“वजन वाढलंय हं तुझं. सोडलंस वाटतं ते डाएट?”

लेकीने आईकडे पाहिलं. काटेसाहेबांनी तोंड उघडलं, पण बायकोने टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हो ताई, दोन्ही खरं आहे,” ती म्हणाली. “सूप आणखी वाढू का तुम्हाला?”

ताईने आपल्या वाडग्यात पाहिलं, ते रिकामं होतं. “अर्धा डाव,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “नको, पुरा घाल. प्रवासात काही खाल्लंच नाही मी. डॉक्टरने हवं ते सगळं बंद केलंय माझं.”

“काय काय बंद केलंय?” लेकीने विचारलं.

ताईने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. त्यावरून तिच्या गुडघ्यांचं निघालं, आणि ते जेवण आटपेपर्यंत संपलं नाही.