खांबाजवळचा गाळ

शहराचं सांडपाणी आमच्या तळ्यात येतं, लव्हाळ्यातून निवळून पुढे जातं आणि घाण मागे राहते. मागे राहणाऱ्यांत आम्हीही. हे तळ्याचे राखणदार, मी राखणदाराची बायको. खोलीच्या भिंतींना बारमाही ओल, उशीलासुद्धा चिखलाचा वास.

दरवर्षी मोजणीवाले साहेब येतात. तळ्यात एक खांब आहे, त्याच्याशी ते काठी रोवतात आणि तिला गाळ कुठवर लागला ते बघतात. गाळ काठीवरच्या लाल रेघेला टेकला की तळं बंद आणि आम्हाला शहरात खोली, असं लग्नाच्या वर्षीच ठरलंय. दरवर्षी साहेब "अजून वीतभर" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. माझ्या नशिबासारखाच गाळही आळशी, असं मी म्हणायचे.

लेक शहरात माझ्या बहिणीकडे शिकते. परवा फोनवर ती चुकून मलाच मावशी म्हणाली. मी हसून घालवलं, पण रात्री घास उतरला नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी हे न चुकता टोमॅटोच्या वाफ्यात ताजा गाळ घालतात. इतकी वर्षं मी त्याचं कौतुकच केलं. काल सहज मागोमाग गेले, तर हे खांबाच्या बुडाशी वाकून पाटी भरत होते. माझ्या डोक्यात जाळ झाला. तशीच पावली मागे फिरले.

आज साहेब पाण्यावर टाकलेल्या फळीवरून खांबाकडे निघाले. त्यांच्या मागे हे, ह्यांच्या मागे मी. खांबाच्या बऱ्याच अलीकडे मी मुद्दाम पाण्यात पाय टाकला. मांडीपर्यंत रुतले. पाय काही केल्या निघेना.

ह्यांनी धावत येऊन हात धरला. वाकून हळूच म्हणाले, "गप्प बस. शहरात मला कोण विचारणार? इथे निदान राखणदार तरी आहे."

मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण लेकीचा आवाज कानातून जात नव्हता.

"साहेब, खांबाशी नका मोजू. मी आहे तिथे मोजा."

ह्यांनी माझा हात सोडला.

साहेबांनी माझ्याजवळ काठी रोवून वर काढली. रेघ चिखलाखाली दिसेनाशी झाली होती. "तळं तर केव्हाच भरलंय," म्हणत त्यांनी तीच काठी मला धरायला दिली. मी कशीबशी वर आले. हे मात्र फळीवर बसले ते उठेनात, मी दोनदा हाक मारली तरी.