बर्फासाठी रजेचा अर्ज

"भाभीजी, कहाँ चली?" समोरच्या ओट्यावरून हाक आली, तशी प्रमोदिनी थांबली. पाठीवर निळी भलीमोठी सॅक, सॅकमध्ये सात किलो गहू, अंगावर साडी आणि पायात मुलीनं धाडलेले कॅनव्हासचे बूट.

"शिमला!" तिनं धापा टाकत उत्तर दिलं आणि पुढे निघाली.

परदेशीपुऱ्यातल्या त्या गल्लीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शिंत्र्यांची बायको रोज सकाळी ओझं पाठीवर घेऊन गल्लीच्या दहा चकरा मारते आणि तिचा नवरा बाबूराव दारात खुर्ची टाकून त्या मोजतो. लोकांनी आधी हसून घेतलं, मग सल्ले द्यायला सुरुवात केली. एकानं तर गव्हाऐवजी रेती भरा म्हणून सांगितलं. रेती काय, धोंडे घालतो, आधी जाऊ तर दे, असं बाबूराव म्हणाला.

सॅका दोन होत्या. पुण्याला नव्या कंप्युटर कंपनीत लागलेल्या चारुलतानं त्या पाठवल्या होत्या. 'बाबा, मिल बंद पडून दीड वर्ष झालं. फंडाचे पैसे हातात आहेत तोवर आईला घेऊन निघा. गाठोडी, होल्डॉल, हमाल काही नको, सामान पाठीवर टाका आणि देश बघा,' असं पत्रात होतं. पोरगी बापासारखीच, एकदा बोलली की बोलली.

देश बघायचा म्हटल्यावर बाबूरावाला नकाशाची गरजच नव्हती. एकतीस वर्षं त्यानं मिलच्या पॅकिंग खात्यात मार्का मारला होता. कापडाची गाठ बांधून आली की तिच्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कुंचल्यानं काळा रंग फिरवायचा, की गाठीवर स्टेशनाचं नाव उमटे. जोधपूर, कालका, गुवाहाटी, कटक, मदुराई, कालिकत. वाळवंटापासून समुद्रापर्यंत सगळा देश त्याच्या हाताखालून गेला होता आणि तो स्वतः खंडव्याच्या पुढे गेलेला नव्हता.

तेव्हा बेत त्यानंच आखला. वहीत रूळ मारून रकाने पाडले, चारुलतानं धाडलेलं टाइमटेबल शेजारी ठेवलं आणि पंधरा दिवस घरात कुणाला बोलू दिलं नाही. दहा चकरा संपवून प्रमोदिनी आत आली, सॅक भिंतीला टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि वही मागून घेतली.

"अहो, हे कालका सप्टेंबरात का घातलंय?"

"बर्फ नाही का बघायचा तुला? कालक्याहून छोटी गाडी, की थेट शिमला."

"सप्टेंबरात असतो बर्फ?"

"असणारच! आमच्या जाड चादरींच्या गाठी सप्टेंबरातच जायच्या कालक्याला. एक साल चुकलं नाही. तू मला सांगतेस?"

"गाठी जायच्या, बरोबर. पण गेल्या गेल्या पांघरत होते का लोक? दुकानदार माल आधीच भरून ठेवणार ना?"

प्रमोदिनीनं पुढचं पान उलटलं. दुर्गापूजेची धोतरं आषाढात निघत, म्हणून गुवाहाटी आषाढात, ऐन पुरात. जोधपूरची मलमल फाल्गुनात निघे, म्हणून जोधपूर नेमकं ऊन चढायच्या तोंडावर. प्रत्येक ठिकाणी हा माणूस दोन-तीन महिने आधी जाऊन दुकानदारासारखा मोसमाची वाट बघत बसणार होता.

"अगं बाई," तिला हसू आवरेना. "हा काय माणसांचा प्रवास आहे? गाठींचा आहे, गाठींचा! मला पण वर मार्का मारा आणि द्या पाठवून."

बाबूरावही हसला. हसता हसता खोकला लागला, मग दोघं मिळून हसली. मिल बंद पडल्यापासून त्या घरात इतकं हसणं झालं नव्हतं.

"आणि हे सहा तुकडे कशाला केलेत?" डोळे पुसत तिनं विचारलं. "जायचं नि बारा दिवसांत परत. चारू तर म्हणते, एका दमात जा."

बाबूराव एकदम टाइमटेबल चाळायला लागला.

"अहो, मी विचारतेय."

"सोमवार असतो ना," तो पुटपुटला.

सोमवारचं तिला माहीत होतं. दर सोमवारी दहा वाजता मिलच्या फाटकाशी हजेरी व्हायची. मिल पुन्हा सुरू झालीच, तर आधी कुणाला घ्यायचं, त्याची यादी युनियननं ठेवली होती आणि ओळीनं तीन सोमवार जो आला नाही त्याचं नाव कटायचं. बाबूराव दीड वर्षात एकदाही चुकला नव्हता. तापानं फणफणलेला असतानासुद्धा मफलर गुंडाळून गेला होता. बर्फ बघायचा तर डिसेंबर-जानेवारीतच जायला हवं आणि एका दमात जायचं तर पंचेचाळीस दिवस. म्हणजे सहा सोमवार.

"मिल उघडणार आहे का हो?" तिनं हळूच विचारलं.

"म्हणतात तर. दिल्लीहून कुणी बघायला येणार आहे."

"लोक काय म्हणतात ते नाही विचारलं. तुम्हाला काय वाटतं?"

बाबूरावानं वही मिटली. "नाव असू दे गं," तो म्हणाला. "दुसरं काय उरलंय तिथे माझं?"

पण प्रमोदिनी मागे हटणारी नव्हती. "माझे गुडघे यंदा हो म्हणतायत. पुढच्या साली त्यांना विचारायची सोय नाही. बघा बुवा, मी दहा चकरा मारल्यात, आता तुमची पाळी."

बाबूरावानं चार महिने विचार केला. गणपती झाले, दिवाळी झाली, दिल्लीहून कुणी आलं नाही. प्रमोदिनीच्या सॅकमध्ये आता दहा किलो गहू जात होते. शेवटी नोव्हेंबरातल्या एका सोमवारी हजेरी आटोपल्यावर तो युनियनच्या विष्णूपाशी गेला.

"विष्णू भिया, समजा एखाद्यानं रजा घेतली, तर नाव कटतं काय?"

विष्णूनं रजिस्टर मिटलं. "रजा? काहे से रजा, दादा?"

"मिलमधून."

"अरे गजब करते हो! बंद मिल में से छुट्टी?" विष्णू खदखदून हसला. पण समोरचा माणूस हसत नाही हे बघून तो ओशाळला. "हो हो, चालेल ना. छुट्टी मंजूर असेल तर नाव नाही कटत. पण खात्याच्या साहेबाची सही पाहिजे, हां. कायदा म्हणजे कायदा."

विष्णूनं ते वेळ मारून न्यायला म्हटलं होतं. बाबूरावानं ते शब्दशः धरलं. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, कागद नीट घडी करून, बायकोला बरोबर घेऊन तो रामबागेत अप्पासाहेबांच्या घरी गेला. जिना चढवेना असं नाही, पण साहेबांसमोर जायला संकोच वाटतो म्हणून प्रमोदिनी खाली फाटकाशीच थांबली.

अप्पासाहेब पॅकिंग खात्याचे मुख्य. खात्यात त्यांचा काय दरारा होता म्हणता! रजेचं कारण पटलं नाही तर अर्ज तिथल्या तिथे फाडत. आता ते बनियनवर बसून सुनेला भेंडी चिरून देत होते. बाबूरावाला बघून त्यांनी विळी बाजूला सारली.

"काय शिंत्रे, काय काम काढलंत?"

बाबूरावानं अर्ज पुढे केला. अप्पासाहेबांनी पहिली ओळ वाचली आणि त्याच्याकडे बघितलं. बाबूरावाला वाटलं, आता हसतील. मेलं, हसले तर हसले, पण अर्ज फाडू नये.

अप्पासाहेब उठून आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले ते पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, खिशाला पेन अडकवून. खुर्चीत ताठ बसले आणि अर्ज पहिल्यापासून वाचायला लागले.

"कारण, 'पत्नीस बर्फ दाखविणे'. असं लिहितात होय अर्जात?"

"खरं तेच लिहिलंय, साहेब."

"हं. पंचेचाळीस दिवस. एकतीस वर्षांत सलग किती रजा घेतलीत?"

"लग्नाला चार दिवस, साहेब. वडील गेले तेव्हा मागितली होती, पण पूजेचा माल निघायचा होता."

"मीच नाही म्हणालो असेन."

"हो."

अप्पासाहेब पुन्हा कागदाकडे वळले. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट अडलं. 'रजा संपताच दिनांक अमुक रोजी कामावर हजर होईन,' असं अर्जात लिहायची रीत होती. बाबूरावानं तारखेची जागा कोरी सोडली होती.

"इथे तारीख?"

"नाही लिहिली, साहेब." बाबूराव म्हणाला. "रात्रंदिवस विचार केला. पण तुमच्यासमोर खोटं लिहवेना."

अप्पासाहेबांनी पेन उघडलं. त्या सबंध ओळीवर त्यांनी सावकाश, पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ मारली. खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि अर्ज दोन्ही हातांनी परत दिला.

"जा शिंत्रे," ते म्हणाले. "चांगला बर्फ बघून या."

खाली प्रमोदिनी फाटकाचा गज धरून उभी होती. "मिळाली?"

"मिळाली."

"किती दिवसांची?"

"हवी तेवढी," बाबूराव म्हणाला आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं ती रेघ बघितली. मग भर रस्त्यात, रामबागेतल्या चार माणसांदेखत, तिनं नवऱ्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला नाही.

वळणावर पोचल्यावर बाबूरावानं मागे बघितलं. अप्पासाहेब गॅलरीत उभे होते, तशाच गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्यांनी.