एका बटणाची भेंडी

मला पसारा खपत नाही. गारखेड्यातल्या आमच्या घरी सासूबाईसुद्धा रिकामे डबे माझ्यापासून लपवून ठेवतात. शेंद्र्याच्या कंपनीत पत्रा कापणाऱ्या प्रेसचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी झाडूच हातात घेतला.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर हेडरांची यादी असते. ही फाइल आणखी कोणकोणत्या फायली वापरणार, ते त्यात असतं. माझ्याआधी हे काम बघणारे गयाससर निवृत्त होईपर्यंत ती यादी नुसती वाढवत गेले होते. मी एकेक ओळ काढायचे आणि सॉफ्टवेअर पुन्हा तयार करून बघायचे. कॉम्प्युटरनं तक्रार केली की ओळ परत, नाही केली की गेली. अशा एकशे सदतीस ओळी काढल्या. खरं सांगते, फार बरं वाटलं.

नवीन सॉफ्टवेअर आधी बद्रीनाथभाऊ तपासतात. करमाडचे, प्रेसवर वीस वर्षं. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येता कामा नये, म्हणजे हात बाहेर राहतात. भाऊ आधी एकच बटण दाबून बघतात आणि पात्याखाली भेंडी ठेवतात. त्या भेंडीवरून आम्ही त्यांना खूप चिडवतो.

त्या दिवशी भेंडीचे दोन तुकडे झाले.

मी धावत जागेवर आले. दोन बटणांची तपासणी कोडमध्ये जशीच्या तशी होती, पण ती चालू करणारी खूण एका हेडरमध्ये होती. मी हेडर काढलं तशी खूण गेली, आणि कॉम्प्युटरनं तपासणी मुकाट्यानं वगळली.

भाऊ मागं येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. डावा हात त्यांनी टेबलावर ठेवला. त्याला तीनच बोटं आहेत. हे मी रोज बघत होते, विचारलं कधीच नव्हतं.

"ताई, माझी बोटं गेल्यावर टाकलं ते सरांनी," ते म्हणाले. "मला दवाखान्यात पोचवून आले अन् तसंच बसले लिहायला. कशापायी टाकलं, ते लिहायचं सुचलं नसंल."

मी ओळ परत घातली. ती नसेल तर सॉफ्टवेअर तयारच होणार नाही, अशीही सोय केली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही माझी जुनी खोड. या वेळी तिची लाज वाटली. ओळीच्या वर माझ्या नावानिशी लिहिलं: 'बद्रीनाथभाऊंच्या दोन बोटांनंतर घातलेली ओळ. तनुजानं एकदा काढली होती.'

भाऊंनी ते सावकाश वाचलं आणि दुसरी भेंडी आणायला गेले.