मास्तर कशाला हसले

मेहुण्याने मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा केला, आवाज बंद केला आणि मास्तरांसाठी खुर्ची ओढली.

“बघा, भावोजी. सकाळपासून गावभर फिरतंय हे.”

मास्तरांनी चष्मा लावला. ड्रायव्हिंग शिकवणीची पांढरी गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या उघड्या दाराला धरून एक माणूस हसत होता. नुसता हसत नव्हता, जमिनीवर लोळायचाच काय तो बाकी होता. स्वतःला ओळखायला मास्तरांना थोडा वेळ लागला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: लेकीच्या नावाने टाहो फोडणारा बाप तो हाच का?

“कोणी काढलं?”

“कोणी का काढेना. बंदूक दुकानदारांच्या संघटनेने उचललंय. खाली लोकांनी जे लिहिलंय ते वाचू नका.”

मास्तरांनी वाचलं. कोणी म्हणत होतं, मुलगी मेलीच नसेल. कोणी म्हणत होतं, सगळं नाटक, आधीपासूनच वाटत होतं. घरबसल्या बोटं चालवणाऱ्या या माणसांना एकेक करून गाठावं आणि कानाखाली आवाज काढावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

ठकी ही त्यांची एकुलती एक लेक. कॉलेजच्या वाचनालयात पुस्तक परत करायला गेली, आणि तिथे घुसलेल्या एका पोराने गोळ्या झाडल्या त्यात गेली. तिच्याबरोबर आणखीही मुलं गेली. त्या पोराने बंदूक रीतसर दुकानातून घेतली होती, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या गाळ्यातून, एका कागदावर सही करून. मास्तर आयुष्यभर लोकांना गाडी शिकवत आले होते. गाडी हातात देण्याआधी डोळे तपासतात, लेखी परीक्षा घेतात, मागे जात आठचा आकडा काढायला लावतात, आणि नाही जमलं तर सरळ घरी पाठवतात. बंदूक घेणाऱ्याला कोणी साधं नावही दोनदा विचारलं नव्हतं. हे मास्तरांनी एकदा टीव्हीवर सांगितलं, सांगताना त्यांचा आवाज फाटला, आणि तेव्हापासून गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी त्यांना पुढे केलं. आता बंदुकांचे नियम कडक करायचे की नाही यावर सरकारी समितीची सुनावणी होती. पालकांतर्फे मास्तर बोलणार होते, आणि सुनावणी परवावर आली होती.

“तुम्ही उभे राहिलात की ते हेच लावणार,” मेहुणा म्हणाला. “मग इतक्या दिवसांचं सगळं मुसळ केरात.”

“मग काय करायचं?”

“ताई बोलेल.”

ओट्याशी ठकीची आई पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“लिहून द्या. मी बोलते,” ती म्हणाली.

“तू हे एकदा बघून ठेव, ताई. ऐनवेळी दचकायला नको.”

“मला नको दाखवूस.”

“अगं, पण...”

“नको म्हटलं ना. मला काही बघायचं नाहीये.”

मेहुण्याने मोबाइल खिशात टाकला. ती पुन्हा नळ सोडून धुतलेलीच भांडी धुवायला लागली.

झालं होतं एवढंच. मास्तरांकडे एक निवृत्त नर्स गाडी शिकायला येत होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. जन्मभर नवऱ्याने गाडी चालवली, आता त्याला दिसेनासं झालं, म्हणून या वयात त्या स्टिअरिंगवर बसल्या होत्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. ठकी गेल्यापासून मास्तरांचा पाय त्यावरून हलत नसे. रस्त्यावर पान उडालं तरी ते दाबत. शिकणारी पोरं वैतागून दुसऱ्या मास्तरांकडे गेली. सिस्टर मात्र फटकळ. “गाडी मी चालवतेय की तुम्ही, ते एकदा ठरवून घेऊ या का?” असं त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

ते चित्रण झालं त्या दिवशी सिस्टर मोठ्या सर्कलमध्ये शिरल्या खऱ्या, पण त्यांना बाहेर पडता येईना. बाजूने एकसारख्या गाड्या, आणि सिस्टर प्रत्येकाला मान लववून आधी तुम्ही, आधी तुम्ही. एक फेरी झाली, दुसरी झाली. मधल्या हिरवळीला पाणी घालणारा माळी आधी नुसता बघत होता. मग प्रत्येक फेरीला तो हात हलवायला लागला, आणि सिस्टरही त्याला रीतसर हात हलवायला लागल्या. “आता काढा, आता, आता,” मास्तर ओरडत होते. काढायची वेळ प्रत्येक वेळी निघून जात होती. शेवटी सिस्टर समोरची नजर न हलवता, इंजेक्शन देण्यापूर्वी बोलावं तशा शांतपणे म्हणाल्या,

“मास्तर, त्या माळ्याला विचारा, इथे एखादी खोली भाड्याने मिळते का. रोज येऊन जाऊन करण्यापेक्षा इथेच राहते.”

मास्तरांना आधी ठसका लागला. मग पोटातून काहीतरी वर आलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण हसतोय. थांबवायला गेले तर ते आणखीच वाढलं. त्या गडबडीत त्यांचा पाय ब्रेकवरून केव्हा निघाला ते त्यांनाही कळलं नाही, आणि सिस्टर सर्कलमधून अलगद बाहेर पडल्या. पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला लावली. मास्तर हवा खायला म्हणून उतरले ते दाराला धरूनच उभे राहिले. समोर एक हातगाडीवाला उकडलेली कणसं विकत होता. दोघांनी एकेक घेतलं. गरम होतं, मीठ नेमकं पडलं होतं, आणि मास्तरांना त्याची चव लागली. चांगलंच वाटलं त्यांना, उगाच कशाला खोटं बोला. घरी शिरण्यापूर्वी मात्र त्यांनी कोपऱ्यावरच्या नळावर तोंड धुतलं, पिऊन आलेल्या माणसासारखं.

खरं तर या घरात हसण्याचं खातं ठकीच्या आईकडे होतं. ती दातांच्या कवळ्या बनवायची. एकदा कोणाच्यातरी निरोप समारंभात भाषण रंगात आलेलं असताना वक्त्याची कवळी सुटली, आणि ती नेमकी तिनेच बनवलेली. मायलेकी तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाल्या. मास्तर आत शरमेने मान खाली घालून बसले होते आणि भिंतीपलीकडून दोघींचं खिदळणं ऐकत होते. आता कामावरच्या बायका ती आली की आवाज खाली आणायच्या. दुकानात, जिन्यात, तिच्यासमोर हसू नये हे सगळ्यांनी न सांगताच ठरवून टाकलं होतं. ती सकाळी उठून त्या दुकानदाराला आणि त्या पोराला शिव्या देत चहा करायची, आणि त्या रागावरच दिवस काढायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाठ करायला बसली. मास्तर समोर बसून ऐकत होते.

“आठचा आकडा मागे जात काढायचा ना?”

“मागे जात. खुणेच्या काठीला न लागता.”

“तुमच्या तोंडी हे बरं वाटतं. माझ्या तोंडी उसनं आणल्यासारखं वाटतंय.”

तिने ते सगळं पुन्हा एकदा म्हटलं. शेवटी मास्तर म्हणाले,

“मी काही मुद्दाम नाही हसलो गं.”

“मी म्हटलं का काही?”

“मग म्हण ना काहीतरी.”

ती टेबलाची कड नखाने खरवडत राहिली.

“तुम्ही हसलात याचा राग नाहीये मला,” ती म्हणाली. “तुम्हाला जमलं कसं, याचा आहे.”

सिस्टरांची आणि माळ्याची गोष्ट मास्तरांच्या ओठावर आली होती. पण ठकीची रिकामी खुर्ची समोर असताना ती सांगितली असती तर तिची माती झाली असती. ते उठले आणि उद्याचे बूट पुसायला घेतले.

सुनावणीच्या सभागृहात पालक मागच्या रांगांत बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक फोटो. मेहुण्याने मास्तरांना कॅमेऱ्यांपासून लांब, खांबाआड बसवलं, शिवाय तोंड पाडून बसायला सांगितलं. मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोंड पाडून बसायला त्यांना कोणाची शिकवणी नको होती.

ती बोलली. डोळे तपासण्याचं, लेखी परीक्षेचं, आठच्या आकड्याचं, सगळं कुठेही न अडखळता बोलली. मग लिहून दिलेलं संपलं तरी ती थांबली नाही.

“मी कवळ्या बनवते,” ती दुकानदारांच्या बाकाकडे वळून म्हणाली. “नीट बसली नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी परत आणून देतो, आणि मला ती घ्यावी लागते. तुमच्या दुकानातून गेलेला माल माझ्या घरी पोचला. तो मी कोणाकडे परत करू?”

दुकानदार संघटनेचा वकील उठला. अर्जाच्या वर महोदय लिहावं तसं त्याने आधी दुःखात सहभागी असल्याचं सांगून टाकलं.

“आमचा प्रश्न इतकाच आहे की, इथे जे दाखवलं जातंय ते खरं किती,” तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे त्याने हात केला.

पडद्यावर मास्तर दोन माणसांच्या उंचीचे झाले होते. गुडघ्यावर थाप मारत होते, डोळे पुसत होते, काहीतरी बोलायला जाऊन पुन्हा वाकत होते. स्टिअरिंगवर सिस्टरांचा पांढरा अंबाडा दिसत होता. मास्तरांनी मान खाली घातली. संपलं, त्यांना वाटलं. नियम नाही, काही नाही, आणि आता ही बाई आयुष्यात आपल्याशी बोलणार नाही.

“मॅडम, हे तुमचेच यजमान ना?”

“हो.”

“लेक गमावलेल्या माणसाचं हे हसणं आहे, असं समितीने मानावं का?”

समोरचा माईक पडद्याच्या आड येत होता, तो तिने हाताने बाजूला सारला.

“पुन्हा लावता?” ती म्हणाली.

“काय?”

“हेच. पुन्हा एकदा लावा.”

वकिलाने खांदे उडवले आणि खूण केली. मास्तर पुन्हा दाराला धरून वाकले. ती खुर्चीतून उठली, दोन पावलं पुढे गेली.

“याला आवाज नाही का?”

“आहे, मॅडम,” यंत्रापाशी बसलेला माणूस म्हणाला.

“मग मोठा करा.”

त्याने आवाज मोठा केला. मास्तरांचं हसणं सभागृहात घुमलं. काही गोड हसणं नव्हतं ते. मध्येच उचकी लागत होती, मध्येच श्वास अडकून शिट्टी वाजल्यासारखं होत होतं. मास्तरांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मास्तरांच्या पुढच्या रांगेतल्या एका आईने मांडीवरच्या फोटोवरून डोळे उचलून पडद्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारच्यानेही पाहिलं.

चित्र संपलं आणि पडदा कोरा झाला. ठकीची आई मागे वळली. तिची नजर रांगांतून फिरली, तेव्हा मास्तर खांबाआडून थोडे बाहेर वाकले.

“अहो,” ती म्हणाली. माईक चालूच होता. “काय म्हणाल्या हो त्या बाई तुम्हाला?”

“याचा विषयाशी काही संबंध नाही,” वकील म्हणाला.

“तुम्हीच लावलंत ना?” समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग सांगू दे त्यांना.”

मेहुण्याने मास्तरांची बाही ओढली. मास्तरांनी ती सोडवून घेतली, ते उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

“सर्कलमध्ये अडकलो होतो,” ते तिला म्हणाले.