शेवटाला कोंबड्या

वर्षातला एक महिना आमच्या घरात जुने सिनेमे चालतात. काळेपांढरेच. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की पडदे ओढायचे, प्रोजेक्टर भिंतीवर मारायचा आणि रोज एक उडवायचा. बसायला दोघांपुरता सोफा, तोही मीच बांधलेला. सोफे दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि लोकांची खोडी काढणं हा जोडधंदा. एका वकिलाच्या खुर्चीत मी अशी स्प्रिंग बसवली होती की तो पुढे वाकला की खुर्ची कुंथायची. अशिलं त्याच्याकडेच बघायची.

तर सिनेमा. सुरू करायच्या आधी मी बायकोला सगळं समजावून सांगायचो. हा नट कोण, ह्याचं त्या नटीशी कसं फाटलं, कुठला सीन पुन्हा काढावा लागला. बायको म्हणायची, "हं." इतकी वर्षं "हं." मला वाटायचं, बाई थक्क होऊन ऐकतेय.

यंदा मेहुणी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि साडू आमच्या गळ्यात पडला. दातांच्या कवळ्या बनवतो. माणूस सरळ, पण स्वतःच्या हाताने अंडं उकडलं तर पातेलं जाळेल. बायकोच म्हणाली, महिनाभर संध्याकाळी इकडेच येत जा. आला. त्याची कंबर धरलेली, म्हणून त्याला सोफा. मी प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्याकडे पाठ करून.

साडूला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "ताई, ही बाई रडतेय का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर मागून बायकोच बोलायला लागली. ही रडत नाहीये, हिला राग आलाय पण सासऱ्यासमोर दाखवता येत नाही, बघ ती हातमोजे कसे काढतेय, एकेक बोट. साडू म्हणाला, अरे हो की. मग म्हणाला की हिरोचे वरचे दात खोटे आहेत. आणि बायको हसली. नुसतं हसली नाही, सोफा हलला. त्या सोफ्याची एकेक पट्टी मी ओढून ठोकलीय, तो किती हसल्यावर हलतो ते मला पक्कं ठाऊक आहे.

त्यानंतर रोज तेच. साडू विचारणार, बायको सांगणार. माझी प्रस्तावना सुरू झाली की साडू हळूच ताईंकडे बघायचा, म्हणजे हे संपलं की तुम्ही सांगा. एकदा तर मी दुकानातून आलो तेव्हा दोघं कालच्या सिनेमावर बोलत बसलेली, चहा पिऊन झालेला, आणि माझा झाकून ठेवलेला. झाकून! पाहुण्यासारखा.

कुणी म्हणेल, बायकोची बहीण दिलेल्या माणसावर काय जळायचं. तसलं काही नव्हतंच हो. त्याने तिचा हात धरला असता तर मी दोन ठेवून दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण तो तिच्या तोंडून वाक्यंच्या वाक्यं काढत होता, आणि मला इतक्या वर्षांत एक अक्षर मिळालं होतं. ह्याचं काय करायचं?

मी काय करणार, माझा जोडधंदा काढला.

माझ्या दुकानाशेजारी लग्नाच्या शूटिंगवाला बसतो. त्याच्याकडून मी सिनेमा कापायला आणि जोडायला शिकलो. मग आमच्याकडचा सगळ्यात रडका सिनेमा घेतला. त्यात लढाईवरून परतलेला, सगळं विसरलेला माणूस इस्पितळात असतो आणि त्याची नर्स त्याला जीव लावते. शेवटी तो दार उघडून बाहेर पडतो. तिथे बरोब्बर कापलं, आणि त्याच नटाच्या एका विनोदी सिनेमाचा शेवट चिकटवला. त्यात तो मिशीवाला, कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला, आणि एका जाडजूड विधवेला मिठी मारतोय. बेत असा की साडू विचारेल, बायकोची बोबडी वळेल, आणि शेवटी दोघंही माझ्याकडे वळून म्हणतील, आता तुम्हीच सांगा.

संध्याकाळी लावला. इस्पितळ झालं, नर्स झाली, साडूने नाक पुसलं. हिरोने दार उघडलं. कोंबड्या.

खोलीभर कोंबड्यांचा आवाज. मी ओठ चावून बसलो होतो.

"ताई, ह्याला मिशी कधी आली?"

बायको म्हणाली, "बरेच दिवस गेलेत मध्ये."

"आणि कोंबड्या?"

"इस्पितळात किती शांत होतं, आठवतं ना? ती शांतता त्याला खायला उठायची. म्हणून आता त्याला सतत कलकलाट लागतो."

साडू म्हणाला, बरोबर आहे, आमची ही लेकीकडे गेल्यापासून मीही घरात रेडिओ चालूच ठेवतो. आणि मग विचारलं, ही जाडी बाई कोण.

"नर्सच ती," बायको शांतपणे म्हणाली. "सुखाने अंग धरलंय."

इतका वेळ दम धरला होता, पण ह्याला काही मर्यादा! मी स्टुलावरून उठलोच. "अगं नर्स काय नर्स! ती विधवा आहे, दुसऱ्या सिनेमातली! ह्या सिनेमात कोंबडीचं पीससुद्धा नाही. मी जोडलंय ते, मी!"

आयुष्यात पहिल्यांदा माझी खोडी मी स्वतःच फोडली. साडू आ वासून बघत राहिला. बायको पदरात तोंड खुपसून हसत होती.

"तुला कळलं होतं?"

"दार उघडलं तेव्हा ह्याच्या पायात बूट होते, खुराड्यात सपाता. आणि तुमचे कान लाल झालेले, ते मागून छान दिसत होते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही सांगत होतात ना," ती म्हणाली. "विचारलं कुठे कधी?" मग डोळे पुसले. "आता खरा शेवट लावा. ह्याला बिचाऱ्याला उगाच कोंबड्यांची स्वप्नं पडतील."

मी निमूट लावला. हिरो बाहेर पडतो, गाडीत बसतो, नर्स वर खिडकीत, आणि तो वळूनसुद्धा बघत नाही. ह्यावर माझं भाषण तयार असतं, पुरुषाचा मानी स्वभाव वगैरे. ते मी गिळलं. साडू तोंड उघडतोय असं दिसल्यावर घाईघाईने मीच विचारलं, "हा वळून का बघत नाही गं?" उत्तर मला माहीत होतं. साडूच्या आधी नंबर लागावा, एवढाच डाव होता.

बायको म्हणाली, "बघतोय की. गाडीच्या काचेत."

मी सिनेमा मागे नेला. थांबवला. काचेत खिडकी होती, खिडकीत पांढरी टोपी, आणि हिरोची नजर सरळ तिच्यावर. हा सिनेमा मी इतक्यांदा पाहिलाय की मला खोकणारे पेशंटसुद्धा पाठ आहेत. काच कधी दिसली नव्हती.

साडूवरचा जळफळाट तिथल्या तिथे उतरला आणि त्याहून मोठा भलतीकडेच चढला. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ही बाई एकटीच दुसरा सिनेमा बघत होती, आणि मला त्याचं तिकीटही नव्हतं.

"ताई, ह्या नर्सचे दात पण..." साडूने सुरुवात केली.

"तू थांब रे जरा," मी म्हणालो. त्याचं तोंड एवढंसं झालं आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी बायकोकडे वळलो. "अजून काय काय दिसलंय तुला?"

तिने पाय वर घेतले, नीट मांडी घातली.

"कुठल्या सिनेमातलं सांगू?"