रिकामं जातं

चारठाण्याला मिशनच्या दवाखान्यात आलेली नॉर्वेची नर्स इंग्रिड गावाची इंगरूबाई झाली, ती छबूबाईच्या जात्यावर. दवाखान्याच्या भिंतीला भिंत लागून छबूबाईचं घर. निजामी गेली होती, पण पिठाची गिरणी काही गावात आली नव्हती. कोंबडं आरवलं की घरघर सुरू. झोपमोड झाली म्हणून इंग्रिड एकदा वैतागून बघायला गेली, तर छबूबाईनं समोरची जागा दाखवली. "उभी काय ऱ्हायलीस? धर खुंटा."

तेव्हापासून रोज. दिवसभर नारू, खरूज, तापानं फणफणलेली लेकरं. पण दिवसाची गोडी त्या पहाटेत होती. एका खुंट्यावर दोघींचे हात, हिरव्या बांगड्यांची किणकिण, जात्याभोवती साचणारं कोमट पीठ. इंग्रिडची प्रार्थनाही तिथंच होऊन जायची. छबूबाई ओवीत साऱ्या गावाला गुंफायची, इंगरूबाईला तेवढं नाही.

"माझी ओवी कधी?"

"यायची हाय. वढून आणता येत न्हाई बाई ती."

अन् एक दिवस मोठे साहेब जीपनं आले. तिच्याच देशाचे, मिशनची ठाणी बघत हिंडणारे. इंग्रिडची मुदत सरत आली होती. ती वाढायची की नाही, हे त्यांच्या शब्दावर होतं. सकाळी ते गळ्यात कॅमेरा अडकवून जात्यापाशी आले. दळण नुकतंच उरकलं होतं.

"हिला जातं फिरवू द्या, रिकामंच," साहेब आपल्या भाषेत म्हणाले. "आणि त्या बांगड्या काढायला सांगा. तिकडच्या मंडळींना गरिबी दिसली पाहिजे."

इंग्रिडची कानशिलं तापली. रिकामं जातं फिरवलं की घरावर उपास येतो, हे छबूबाईनं तिला हातावर चापट मारून शिकवलं होतं. आणि बांगड्या! छबूबाईचा नवरा मुंजाजी लांब ऊस तोडायला गेलेला, त्याच्या खुशालीचा निरोप नाही. बाई रोज त्या बांगड्या पदरानं पुसायची.

"काय म्हनायलेत गं साहेब?" छबूबाईनं विचारलं.

इंग्रिडच्या मराठीला याच जात्याचं पीठ लागलेलं. त्या मराठीत हे बोलायचं?

"सांगा ना तिला," साहेब म्हणाले.

"नाही सांगणार! नवरा जिवंत असताना तिला विधवा व्हायला सांगताय तुम्ही. एका फोटोसाठी!"

"नुसती काच आहे ती."

"तुमच्या बायकोच्या बोटातली अंगठी तरी काय, नुसतं सोनंच!"

छबूबाईला भाषा कळली नाही, पण आपल्या मनगटाकडं रोखलेलं साहेबाचं बोट कळलं. तिनं हात पदराखाली ओढले. "बांगड्या? माझ्या? धनी जिता हाय म्हनावं माझा! आधी तुमच्या मडमेचं हात मोकळं करा म्हनावं!"

इंग्रिडनं टोपलीतली मूठभर ज्वारी आणून जात्यात घातली आणि छबूबाईसमोर बसकण मारली. "घ्या फोटो. दोघींचा."

"मजेत दळणाऱ्या दोन बायका बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार?" साहेबांनी कॅमेरा झाकला. "पावसाळ्याआधी तुम्ही घरी परत जाल, असं वर सांगतो मी."

जीपचा धुरळा दारात आला. इंग्रिडनं खुंटा धरला आणि जातं गरगरा फिरवलं. साहेबाचा राग, रडका फोटो मागणाऱ्या आपल्याच माणसांचा राग. तिच्या दातांखाली सगळं कचकचत होतं.

"अगं हळू! भरडा पडायलाय. राग साहेबाचा अन् मार माझ्या जात्याला?"

"मला परत जायला सांगितलंय, छबूबाई."

छबूबाईनं खुंट्यावरचा हात सरकवून इंग्रिडच्या हातावर ठेवला, आणि न ओढता ओवी आली:

*सात समिंदरापल्याड इंगरूबाईचं माहेर*
*माझ्या जात्यापाशी तिला पिठाचा गं आहेर*

इंग्रिडचा राग काही उतरला नाही. पीठ मात्र बारीक पडू लागलं.